शोरूममध्ये राहून गेलेली गाडी

१९७० साली अमेरिकेतल्या प्लिमथ डीलरांच्या आवारात एक विलक्षण गाडी येऊन उभी राहिली. पुढे लांबलचक, टोकदार नाक. मागे डिकीच्या दोन्ही बाजूंना दोन खांब आणि त्यांवर टपापेक्षाही उंच गेलेला आडवा पंख. रंग नारिंगी, लिंबू-पिवळा, निळा, सगळे लांबून नजरेत भरणारे. नाव सुपरबर्ड, किंमत ४,२९८ डॉलरपासून पुढे. लोक थांबून बघत, पण घेत नसत. काही गाड्या १९७२ साल उजाडले तरी नव्याच्या नव्या उभ्या होत्या.

सुपरबर्ड जन्माला आली ती शर्यतीच्या एका नियमामुळे. नासकार शर्यतींत ट्रॅकवर उतरणारी गाडी कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीही बनवलेली असली पाहिजे, अशी अट होती. १९६९पर्यंत ५०० गाड्या पुरत. डॉजने पंखवाली चार्जर डेटोना बनवली ती तेवढ्यापुरतीच, ५००हून जेमतेम जास्त. मार्च १९७०मध्ये बडी बेकरने टॅलाडेगाच्या ट्रॅकवर डेटोना चालवून ताशी २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरचा टप्पा ओलांडला. तोवर नासकारने अट कडक केली होती. आता १,००० गाड्या, किंवा कंपनीचे जेवढे डीलर असतील त्यांच्या निम्म्या, यांतला जो आकडा मोठा तो लागू होता. प्लिमथच्या डीलरांचे जाळे मोठे. त्यामुळे कंपनीला १,९००हून अधिक सुपरबर्ड बनवणे भाग पडले. रिचर्ड पेटी हा प्लिमथचा हुकमी चालक १९६९च्या हंगामात फोर्डकडे निघून गेला होता. त्याला परत आणायचे तर ट्रॅकवर जिंकू शकणारी गाडी हाती देणे आवश्यक होते. तो परतला. १९७०ची डेटोना ५०० शर्यत त्याच्याच संघाच्या सुपरबर्डने जिंकली, चालक होता पीट हॅमिल्टन.

म्हणजे किती गाड्या बनवायच्या हे शर्यतीच्या नियमाने ठरवले. गाडी हवी असलेले गिऱ्हाईक किती, हा विचार त्यात नव्हता. आणि रस्त्यावर ही गाडी सोयीची नव्हतीच. नाकामुळे लांबी जवळजवळ दीड फूट वाढलेली, त्यामुळे घरच्या गॅरेजात आणि पार्किंगमध्ये अडचण. ट्रॅकवर ताशी ३०० किलोमीटरला उपयोगी पडणारा पंख गावातल्या वेगाला शोभेचाच. मागची काच हवेच्या प्रवाहासाठी बदलली होती. त्या फेरफाराचे जोड झाकायला प्रत्येक गाडीच्या टपावर व्हिनाइलचे आवरण चढवलेले होते. त्यातच मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचे विम्याचे हप्ते चढू लागले. १९७१साठी नासकारने पंखवाल्या गाड्यांच्या इंजिनावर सुमारे ५ लिटरची मर्यादा घातली, आणि ७ लिटरच्या इंजिनासाठी बनलेल्या या गाडीचे ट्रॅकवरचे आयुष्य तिथेच संपले. ज्या कारणासाठी गाडी बनली ते कारण उरले नाही, आणि गाड्या मात्र डीलरांच्या आवारात शिल्लक राहिल्या.

मग काही डीलरांनी नाक काढले, पंख काढला, सुपरबर्ड ज्या प्लिमथ रोड रनरवर बेतली होती त्या साध्या गाडीचे पुढचे भाग बसवले आणि गाडी रोड रनर म्हणून विकून टाकली. आज हे ऐकून जीव हळहळतो, पण त्या डीलरला दोष देता येत नाही. त्याच्या दृष्टीने तो पडून राहिलेला माल होता. २०२२मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात ‘हेमी’ या ७ लिटरच्या इंजिनाची सुपरबर्ड १६ लाख डॉलरच्या वर गेली. अशा हेमी गाड्या मुळात सुमारे १३५च बनल्या होत्या.

या प्रकरणाचा विषय अशाच गाड्या आहेत. मॉडेल बंद झालेले, गाडी स्पोर्ट्स जातीची, संग्राहकांना हवीशी, आणि अजून डीलरकडेच, कोणाच्याही नावावर न चढलेली. आजही अशा गाड्या सापडतात आणि त्या घ्यायला पैसे बाळगून असलेले लोकही आहेत. अशा व्यवहारात गिऱ्हाईक फसते ते बहुधा ‘नवी’ या एका शब्दाच्या मोहाने. गाडीला दोन वये असतात. एक कागदावरचे, जे पहिल्या नोंदणीच्या दिवशी सुरू होते. दुसरे रबर, तेल आणि धातूचे, जे कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासूनच मोजले जाते. डीलर किंमत सांगतो ती पहिल्या वयाची. खर्च काढावा लागतो तो दुसऱ्या वयाचा. ही दोन वये वेगवेगळी तपासायला जो शिकला, त्यालाच असा सौदा जमतो.

*

गाड्या राहून का जातात, हे आधी पाहू, कारण त्यावरच पुढची किंमत बरीचशी अवलंबून असते.

जग्वार एक्सजे२२०चे उदाहरण घ्या. १९८८मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात तिचे पहिले रूप दिसले तेव्हा १२ सिलिंडरचे इंजिन आणि चारही चाकांना ताकद, असे वचन होते. सुमारे १,५०० लोकांनी ५०,००० पौंडांचा इसार भरला. बनवायच्या होत्या ३५०. प्रत्यक्षात गाडी आली ती ६ सिलिंडरचे, दोन टर्बो लावलेले इंजिन आणि फक्त मागच्या चाकांना ताकद घेऊन. १९९२पर्यंत किंमत ४,७०,००० पौंडांवर गेली होती आणि ब्रिटनमध्ये मंदी होती. गाडी विकून लगेच नफा कमवू म्हणणाऱ्यांनी माघार घेतली, प्रकरणे कोर्टात गेली. गाडी वेगवान नव्हती असे मुळीच नाही. १९९२मध्ये इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर मार्टिन ब्रंडलने तिला ताशी सुमारे ३४२ किलोमीटरला नेले. तरीही पावणेतीनशेच्या आसपास गाड्या बनवून १९९४मध्ये उत्पादन थांबले, आणि १९९७मध्येही काही नव्या गाड्या शिल्लक होत्या. त्या १,२७,५५० पौंड अधिक कर, म्हणजे मूळ किमतीच्या एक-तृतीयांशाच्या आतच मिळत होत्या. वचन आणि वस्तू यांत अंतर पडले की पहिले गिऱ्हाईक रागावून जाते. वीस-पंचवीस वर्षांनी येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते वचन माहीतच नसते. ते फक्त समोरची गाडी बघते.

लेक्सस एलएफए ही माझ्या मते या सगळ्या गाड्यांत सर्वांत प्रेमाने बनवलेली गाडी. हारुहिको तानाहाशी या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली हे काम २०००च्या सुमारास सुरू झाले. सांगाडा आधी अॅल्युमिनियमचा होता. निम्मे काम झाल्यावर तो टाकून कार्बन फायबरचा करायचे ठरले. लेक्सस टोयोटाचीच, आणि टोयोटाचा मूळ धंदा हातमागांचा आणि यंत्रमागांचा. ती परंपरा इथे कामी आली आणि कार्बनचे धागे गोल विणणारा माग कंपनीने स्वतःच उभा केला. यामाहाबरोबर बनवलेले ४.८ लिटरचे १० सिलिंडरचे इंजिन रिकाम्या फेऱ्यांवरून ९,००० फेऱ्यांपर्यंत सेकंदाच्या सहा-दशांशात पोचे. काट्याच्या मीटरला तो वेग पकडता येईना, म्हणून मीटर पडद्यावर दाखवावे लागले. एकेक इंजिन एकेका कारागिराने जोडायचे आणि त्यावर आपली सही करायची, अशी पद्धत होती. कंपनीचा ज्येष्ठ चाचणी-चालक हिरोमु नारुसे जून २०१०मध्ये जर्मनीत न्यूरबर्गरिंगजवळ याच गाडीच्या चाचणी-नमुन्यात अपघाती मरण पावला. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या दोन वर्षांत महिन्याला सुमारे २० या गतीने ५०० गाड्या बनल्या आणि काम थांबले.

किंमत ३,७५,००० डॉलर. तेवढ्या पैशात फेरारी येत होती, आणि लेक्सस म्हणजे शांत, आरामशीर गाड्या बनवणारे नाव. पहिल्याच दिवशी विकून नफा काढणारे लोक येऊ नयेत म्हणून अमेरिकेत ही गाडी सुरुवातीला फक्त दोन वर्षांच्या भाडेकरारावर द्यायची योजना होती. नंतर ती सैल केली, पण तोवर खरे घेणारेही काही दूर गेले. परिणामी २०१७मध्ये, म्हणजे उत्पादन थांबून साडेचार वर्षे झाल्यावर, अमेरिकेतल्या डीलरांकडे १२ एलएफए अजून नव्या नोंदीत असल्याचे टोयोटाने सांगितले. त्यातल्या काही डीलरांनी मुद्दामच ठेवल्या होत्या, शोरूमची शोभा म्हणून. पुढच्या वर्षांतही कंपनीच्या विक्रीच्या आकड्यांत मधूनच एखादी एलएफए दिसत राहिली. डॉज व्हायपरचेही तसेच. डेट्रॉइटमधला तिचा कारखाना २०१७मध्ये बंद झाला, तरी नंतरची काही वर्षे एक-दोन नव्या व्हायपर विकल्या गेल्याची नोंद येतच होती. एलएफएच्या ‘न्यूरबर्गरिंग पॅकेज’ या खास आवृत्तीच्या ५० गाड्यांपैकी एक मात्र २०२१मध्ये १६ लाख डॉलरला गेली.

सुपरबर्ड, एक्सजे२२०, एलएफए. तिन्हीत गाडी मुळात असामान्य होती आणि न विकले जाण्याचे कारण तिच्या बाहेर होते. शर्यतीचा नियम, मंदी, कंपनीच्या नावाबद्दलची समजूत. बंद पडलेले मॉडेल समोर आले की मी पहिल्यांदा हेच विचारीन, की हिला गिऱ्हाईक का मिळाले नाही? गिअरबॉक्स खराब होता म्हणून, की काळ प्रतिकूल होता म्हणून? काळ बदलतो. गिअरबॉक्स तोच राहतो.

*

आता कागद. अमेरिकेत कारखाना प्रत्येक गाडीबरोबर डीलरला एक उत्पत्ती-प्रमाणपत्र देतो. पहिल्या ग्राहकाला गाडी विकली जाते तेव्हा हे प्रमाणपत्र राज्याच्या वाहन खात्याकडे जमा होते आणि त्याबदल्यात मालकीचा दाखला निघतो. म्हणून ते मूळ प्रमाणपत्र अजून डीलरच्या हातात असेल, तरच गाडी कायद्याने नवी. अनेकदा डीलरने गाडी मध्येच स्वतःच्या किंवा आपल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर केलेली असते. मीटरवर ३० किलोमीटर असले तरी ती मग वापरलेली गाडी झाली. संग्राहकाच्या बाजारात या फरकाला मोठी किंमत आहे, त्यामुळे प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

दुसरा कागद काचेवरचा. सेनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८मध्ये झालेल्या कायद्याने अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किंमत आणि जोडलेल्या सुविधांचा तक्ता लावावा लागतो, आणि तो काढायचा अधिकार ग्राहकाचा. जुन्या न विकलेल्या गाडीवर तो मूळ तक्ता अजून असेल तर ती भाग्याची गोष्ट. गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात, कोणत्या साहित्यानिशी निघाली याचा तो पुरावा. सुपरबर्डसारख्या गाडीत तर पुराव्याशिवाय पाऊलच टाकू नये. नाक काढून रोड रनर केलेल्या गाड्या पुढे पुन्हा सुपरबर्ड झाल्या, आणि साध्या रोड रनरलाही नाक-पंख लावणारे निघाले. तिथे चासी नंबर वाचता आला पाहिजे. सुरुवात ‘आरएम२३’ अशी हवी. पाचवे अक्षर इंजिन सांगते. ‘आर’ म्हणजे हेमी, ‘व्ही’ आणि ‘यू’ म्हणजे ७.२ लिटरची दोन वेगळी इंजिने. सहावे स्थान शून्य, म्हणजे १९७०. सातवे ‘ए’, म्हणजे डेट्रॉइटचा लिंच रोड कारखाना. एवढ्याने गाडी अस्सल ठरत नाही, पण नकली पुष्कळदा इथेच उघडी पडते.

कायद्याने ‘नवी’ असण्याचा एक खरा फायदा आहे, तो फार कोणी लक्षात घेत नाही. गाडीत सुरक्षेचा दोष निघून कंपनीने ती दुरुस्तीसाठी परत बोलावलेली असेल, तर ती दुरुस्ती झाल्याखेरीज नवी गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायला अमेरिकेतल्या डीलरला कायद्याची मनाई आहे. वापरलेल्या गाडीला हे केंद्रीय बंधन नाही. वॉरंटीही साधारणपणे पहिल्या ग्राहकाच्या ताब्याच्या दिवसापासून किंवा डेमो म्हणून वापर सुरू झाल्यापासून मोजली जाते. पाच वर्षे उभ्या असलेल्या गाडीला पूर्ण वॉरंटी मिळू शकते, किंवा मिळणारही नाही. म्हणून कंपनीकडूनच चासी नंबरावर लेखी उत्तर मागवावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

*

आता दुसरे वय. गाडी उभी राहिली तर झिजत नाही, हा आपल्याकडेही घट्ट बसलेला समज आहे.

टायरपासून सुरुवात करा. २०००पासून टायरच्या बाजूवर बनवल्याची तारीख चार आकड्यांत कोरलेली असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘३६११’ म्हणजे २०११चा ३६वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी रबर आतून कडक होते आणि रस्त्याची पकड सुटते. नोव्हेंबर २०१३मध्ये कॅलिफोर्नियात ज्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला, ती २००५ची पोर्शे करेरा जीटी होती. वॉकर शेजारच्या आसनावर होता. तपासात मुख्य कारण वेग ठरले, पण टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असावा, हेही अहवालात आले. ६०० अश्वशक्तीची गाडी आणि जुने टायर ही जोडी जिवावर बेतणारी आहे. जुन्या मॉडेलचे योग्य मापाचे टायर मिळतात का, हेही आधीच पाहावे. एक्सजे२२०च्या मालकांना तिच्या खास मापाचे टायर मिळेनात. शेवटी पिरेलीने या मोजक्या गाड्यांसाठी नव्याने टायर बनवले.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते तसे. पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि जोरात ब्रेक मारत राहिल्यावर ऐन वेळी पेडल मऊ पडते. वर आतल्या सिलिंडरांना गंज धरतो. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते. ते टाकीत वर्षानुवर्षे राहिले तर पाणी शोषून पेट्रोलपासून वेगळे होते, खाली बसते आणि पंप-इंजेक्टर खराब करते. आपल्याकडेही आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, त्यामुळे हे इथल्या उभ्या गाड्यांनाही लागू आहे. तेलाची सील कोरडी पडून आक्रसते. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, तिथे तो केवळ किलोमीटरने नव्हे, तर वर्षांनीही बदलायचा असतो. फेरारी एफ३५५मध्ये तर त्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. उंदरांचे नाव घ्यायलाच नको. वायरिंग कुरतडलेली नवी गाडी ही मेकॅनिकची सर्वांत मोठी डोकेदुखी, कारण बिघाड कुठे आहे हे गाडी सांगत नाही.

टकाटा कंपनीच्या एअरबॅगांचे प्रकरण तर काळाने केलेल्या नुकसानाचा धडाच आहे. त्यांत वापरलेले अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमट हवेत वर्षांमागून वर्षे राहून बिघडत होते. मग एअरबॅग उघडताना तिचे धातूचे कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येत. एकट्या अमेरिकेत ६ कोटींहून अधिक एअरबॅगा परत बोलावल्या गेल्या. त्यांत फेरारी आणि मॅक्लारेनच्या गाड्याही होत्या. इथे गाडी किती चालली याला काहीच अर्थ नव्हता. अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या यादीत चासी नंबर टाकून हे फुकट तपासता येते, आणि सौद्याच्या पहिल्याच दिवशी ते करावे.

उभी असलेली गाडी पाहायला गेल्यावर डीलर उत्साहाने इंजिन सुरू करून दाखवतो. त्याला थांबवावे. वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल कधीच निथळून गेलेले असते. जाणता मेकॅनिक आधी जुने पेट्रोल काढतो, प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडतो, इंजिन हाताने फिरवून बघतो, तेल बदलतो, आणि मगच चावी फिरवतो. हा खर्च किमतीत धरलाच पाहिजे. टायर, बॅटरी, सगळी तेले, बेल्ट, होज, सील असा हिशेब लिहून डीलरसमोर ठेवणे म्हणजे घासाघीस नव्हे. ती गाडीच्या खऱ्या स्थितीची मांडणी आहे.

*

डीलर मात्र ऐकेल का? ते त्याच्या कर्जावर अवलंबून आहे. शोरूममधल्या बहुतेक गाड्या डीलरने कर्ज काढून आणलेल्या असतात आणि प्रत्येकीवर व्याज चालू असते. वर्ष उलटले की ती गाडी त्याला टोचू लागते, आणि तो सवलत द्यायला तयार होतो. पण जी गाडी पाच-सात वर्षे उभी आहे तिचे कर्ज बहुधा केव्हाच फिटलेले असते. ती आता मालकाची हौस झालेली असते. तिथे ‘फार दिवस पडून आहे’ म्हणून भाव पाडायला गेलात तर तो चहा पाजून निरोप देईल. कर्ज अजून उभे आहे का, हे सरळ विचारावे. लाजू नये.

हौशीचे सर्वांत मोठे उदाहरण नेब्रास्का राज्यातल्या पिअर्स या छोट्या गावचे. रे आणि मिल्ड्रेड लॅम्ब्रेख्ट या दांपत्याने १९४६पासून १९९६पर्यंत तिथे शेव्हरोलेची डीलरशिप चालवली. मागच्या वर्षीचा न खपलेला माल सवलतीत काढण्यापेक्षा रे तो बाजूला ठेवून देत. सप्टेंबर २०१३मध्ये लिलाव झाला तेव्हा सुमारे ५०० वाहने निघाली, आणि त्यांत कित्येक जवळजवळ शून्य मैलांची होती. हजारो माणसे त्या गावात लोटली. १.३ मैल चाललेला १९५८चा कॅमिओ पिकअप १,४०,००० डॉलरला गेला. यातल्या अनेक गाड्या मोकळ्या आवारात आणि गळक्या छताखाली राहिल्या होत्या, गंजलेल्या, पोचे पडलेल्या. घेणाऱ्यांपैकी काहींनी धूळही पुसली नाही, कारण त्यांच्या लेखी ती धूळही मूळ स्थितीचा भाग होती.

त्याच लिलावात ४ मैल चाललेली १९७८ची शेव्हरोले कॉर्व्हेट पेस कार होती. त्या वर्षी कॉर्व्हेटला २५ वर्षे झाली आणि इंडियानापोलिस शर्यतीत ती पहिल्यांदाच सर्वांपुढे धावणार होती. प्रत्येक डीलरला एक मिळावी म्हणून काळ्या-रुपेरी रंगाच्या ६,५०२ गाड्या बनल्या. किंमत १३,६५३ डॉलर. हिची किंमत पुढे चढणार अशी चर्चा वॉल स्ट्रीट जर्नलमध्येही झाली, आणि लोकांनी त्या घेऊन प्लास्टिकसकट गॅरेजात बंद केल्या. लॅम्ब्रेख्टांची ती गाडी ८०,००० डॉलरला गेली. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. ३५ वर्षांत सुमारे सहापट, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण ५ टक्के. त्यातून महागाई वजा करा, जागेचे भाडे आणि विमा वजा करा. हातात फारसे काही उरत नाही, आणि हे सुद्धा ४ मैलांच्या गाडीचे. सर्वांनीच जपून ठेवली, त्यामुळे जपलेली गाडी दुर्मीळ राहिली नाही. सुपरबर्ड कोणी जपलीच नाही. मोडलेल्या, बदललेल्या, शर्यतीत उधळलेल्या सुपरबर्डांतून जी शाबूत उरली तिला आज मोल आहे. विक्रीच्या पहिल्या दिवशीच ‘संग्राह्य’ असा शिक्का मारून आलेल्या गाडीबद्दल म्हणूनच मी सावध राहतो.

*

भारतात असा सौदा जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याचे कारण प्रदूषणाचे नियम. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या वाहनांची विक्री आणि नोंदणी थांबवली, तेव्हा कंपन्या आणि डीलरांकडे ८ लाखांहून अधिक वाहने शिल्लक होती, बहुतेक दुचाकी. दोन दिवसांत मोठमोठ्या सवलतींवर ती काढावी लागली. १ एप्रिल २०२०ला बीएस-४च्या बाबतीत तीच रेषा आखली गेली. रेषेपलीकडे राहिलेल्या कोऱ्या गाडीचे आरटीओत पासिंगच होत नाही. म्हणून डीलर मुदतीआधी अशा गाड्या स्वतःच्या किंवा नातलगांच्या नावे नोंदवून ठेवतात. मुंबई-पुण्यात कोणी ‘शून्य रनिंगची, जुन्या नियमातली’ स्पोर्ट्स कार दाखवली तर आरसीवरचा पहिला मालक कोण आणि नोंदणी कधीची, हे पाहावे. तुम्ही दुसरे मालक असाल तर किंमतही दुसऱ्या मालकाचीच असली पाहिजे. मिशिगन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला तिथे असा सौदा खुला आहे, पण गाडी पुढेमागे घरी आणू हा विचार मनात नसावा. डाव्या बाजूचे स्टिअरिंग असलेली गाडी साधारण नियमाने इथे येत नाही.

*

आणि गाडी घेतल्यावर ती चालवायची का? मॅक्लारेन एफ१ची ०६५ क्रमांकाची गाडी कंपनीच्या लंडनमधल्या पार्क लेन शोरूममध्ये होती, तिथून विकली गेलेली शेवटची नवी एफ१. नवी असताना या मॉडेलची किंमत सुमारे ५,४०,००० पौंड. ऑक्टोबर २००८मध्ये, जगभरचे शेअर बाजार कोसळत असताना, ती लंडनच्या लिलावात २५ लाख ३० हजार पौंडांना गेली. तेव्हा ती ४८४ किलोमीटर चालली होती. २०२१मध्ये ३९० किलोमीटर चाललेली दुसरी एक एफ१ अमेरिकेत २ कोटी डॉलरच्या वर विकली गेली. दोन्ही गाड्या मिळून हजार किलोमीटरही चालल्या नव्हत्या.

मी चालवावी या मताचा आहे, आणि ते केवळ हौसेपोटी नाही. महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत, तासभर रस्त्यावर फिरलेली गाडी सील, क्लच आणि ब्रेकच्या दृष्टीने उभ्या गाडीपेक्षा निरोगी राहते. शून्य किलोमीटरसाठी मोजलेला जादा पैसा मात्र पहिल्याच फेरीत संपतो. म्हणून ज्याला चालवायची आहे त्याने शून्य रनिंगची गाडी शोधू नये. त्याच मॉडेलची, पाच-दहा हजार किलोमीटर चाललेली, सर्व्हिसची सगळी बिले असलेली गाडी घ्यावी. ती स्वस्त पडते आणि तिचे दुसरे वय कोणीतरी आधीच सांभाळलेले असते. ज्याच्या हाती खरोखर न विकलेली गाडी आली आणि तरी चालवायची आहे, त्याने विमा आधी ठरवलेल्या रकमेचा घ्यावा. बाजारभावाने भरपाई देणारी साधी पॉलिसी इथे कामाची नाही, कारण अशा गाडीचा ठरलेला बाजारभाव कुठल्याच पुस्तकात नसतो. रस्त्यासाठी नवे टायर बसवावेत. उतरवलेले मूळ टायर, कारखान्यातून आलेली बॅटरी, चाव्यांचा दुसरा जोड, काचेवरचा तक्ता आणि उत्पत्ती-प्रमाणपत्राची प्रत यांतले काहीही फेकू नये. उद्या गाडी विकायला काढली तर पुढचे गिऱ्हाईक हीच यादी मागेल.